बरणी रिकामी देऊ नये

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याहून मेव्हणीचं पार्सल. शुभाने बहिणीसाठी, म्हणजे आमच्या वसुधासाठी, पाठवलेला दवाखाना: गुळवेलीचं चूर्ण, अश्वगंधा, हळद-मिरीच्या कॅप्सूल, तुळशीचा अर्क, आणि एक बिनलेबलाची पुडी जिच्यातून गोठ्याचा वास येत होता. सगळं कचऱ्याच्या शूटमध्ये. बारा मजले खाली गेल्याचा आवाज ऐकून मगच झाकण लावलं.

शुभाला फोन करून सांगितलं. लपवाछपवी नको.
"मिलिंद, अरे नैसर्गिक आहे ते."
"धोत्राही नैसर्गिकच असतो."
फोन आपटला. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, पण शुभाला जमतं.

डॉक्टरांनी डिसेंबरात गोळी सुरू करताना समजावलं होतं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ही गोळी यकृतातून निकालात निघते. तिच्याच दारातून दुसरं काही घुसलं तर गोळी एकतर रक्तात साचत जाते, नाहीतर काम करायच्या आधीच बाहेर फेकली जाते. म्हणून पाला, मुळी, चूर्ण, काही नाही. जानेवारीच्या स्कॅनमध्ये गोळीने वसुधाच्या फुप्फुसातली गाठ लहान झालेली दिसली. तेव्हापासून मी दारावर बसलोय. पार कुत्रा.

संध्याकाळी शेजारच्या लिम आंटी नेहमीची बरणी देऊन गेल्या. वसुधाने सूप घेतलं. आज तेवढंच पोटात राहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बरणी परत करायची होती. पांढरी, चिनीमातीची, वर निळे मासे, जड झाकण. थेट लोणच्याची बरणी. आईचा नियम: शेजारचं भांडं रिकामं परत देऊ नये. अगदीच काही नसलं तर निदान चिमूटभर साखर. आई गेली, तिची सगळी व्रतं मी धडाधड मोडली, हे एक मात्र हाताला चिकटलेलं आहे.

मागच्या वेळी शिरा दिला. त्याआधी साबुदाण्याची खिचडी, त्याआधी चकल्या. आंटींकडेही तोच नियम असणार, कारण बरणी आमच्याकडून गेली की भरूनच परत येते. सुरुवातीला पंधरवड्यातून एकदा यायची. आता दिवसाआड येते. दोन्ही घरांना थांबता येत नाही. क्लेमेंटीतल्या आमच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये दोन संस्कृतींनी एकमेकींचा गळा प्रेमाने धरलाय.

आज पोहे भरून दिले. आंटींनी गेटच्या जाळीतून झाकण उघडून वास घेतला. "वाह, मिस्टर, यू कुक आह? सू व्हेरी लकी." सू म्हणजे वसुधा. बाकीची अक्षरं आंटींनी पहिल्याच दिवशी माफ केली.

इथल्या मराठी मंडळाचा फोन: पाडव्याच्या कार्यक्रमाला प्रहसन कुठवर आलं? 'व्हॉट्सॅप वैद्य' असं नाव दिलंय. दोन पानं झालीत. वैद्याच्या तोंडी शुभाची वाक्यं जशीच्या तशी घातलीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नोव्हेनाचं हॉस्पिटल. रक्त, मग दीड तास खुर्ची, मग डॉक्टर. बारीक, शांत चिनी माणूस. नेहमीचा प्रश्न: चिनी औषध? आयुर्वेद? काही सप्लिमेंट?

मी म्हणालो, डॉक्टर, आमच्या घरात हळदसुद्धा मला विचारून फोडणीत पडते. पार्सल आणि शूटची गोष्टही सांगितली, थोडी मीठमसाला लावून. डॉक्टर हसले. नर्सही हसली. वसुधा हसली नाही. तिने हे घरी दोनदा ऐकलंय.

यकृताचे आकडे किंचित वर. "बघू," डॉक्टर म्हणाले. दोन आठवड्यांनी परत.

लिफ्टमध्ये आंटी भेटल्या. काय म्हणाले डॉक्टर? म्हटलं, सगळं ठीक, लिव्हर थोडं कुरकुरतंय. आंटींनी मान हलवली. "लिव्हर. ओके, ओके. आय नो."

६ मार्च, गुरुवार

वसुधाला खाज. दंड, पाठ. डोळे पिवळट आहेत की ट्यूबलाइटमुळे वाटतात, यावर इराशी वाद. तिने आईला खिडकीत उभं करून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, नॉट द ट्यूबलाइट." युनिव्हर्सिटीत शिकायला लागल्यापासून पोरगी वाईट बातमी इंग्रजीत देते.

वसुधा जेवत नाही. वरणभात बघितला की तोंड फिरवते. सूप मात्र घेते. हल्ली जरा आंबट लागतं म्हणाली, तोंडाला बरं वाटतं.

सकाळी बरणी द्यायला गेलो. आज आत गुळाच्या दशम्या, माझ्या हातच्या, म्हणजे अर्ध्या भाजलेल्या आणि अर्ध्या जळलेल्या.
"सू फिनिश ऑल?"
"ऑल, आंटी. व्हेरी गुड सूप."
मी ते कधी चाखलेलंही नाही. पण दुसऱ्याच्या हातच्या अन्नाला दुसरं काय म्हणतात?
"गुड. देन आय मेक स्ट्राँगर."
मी थँक यू म्हणालो.

११ मार्च, मंगळवार

आकडे एकदम वर. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली तेव्हाच कळलं. चांगली बातमी असली की ते स्क्रीन वळवत नाहीत, तोंडाने सांगतात.

गोळी आजपासून बंद.

परत तोच प्रश्न: काही चिनी औषध? मी: नाही. आयुर्वेद? नाही. ह्या वेळी गोष्ट नाही सांगितली.
मग त्यांनी वसुधाला विचारलं, जेवण काय जातंय?
"काहीच नाही. शेजारच्या आंटींचं सूप तेवढं."
डॉक्टरांनी टाइप करणं थांबवलं. "कसलं सूप?"
"चिकनचं."
"रंग?"
वसुधाने माझ्याकडे पाहिलं. "काळपट."
"आत काय असतं?"
"लाल खजूर. मुळ्या. कसल्यातरी काड्या. हल्ली छोटी लाल फळं असतात, आंबट."
डॉक्टर म्हणाले, माझी आईही सांगते की ते औषध नाही, सूप आहे.

मी दोन महिने दारावर बसलोय. शुभाची गुळवेल मी अंधारातही पकडली असती, कारण ती मला वासाने कळते. आजी पाजायची. हे मात्र दिवसाआड माझ्या नाकासमोरून, माझ्याच हाताने, झाकण लावलेल्या बरणीतून आत गेलं. वर मी पोहे भरून पाठवले.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसला दांडी. हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर जहाजं माझ्याशिवाय लागतात.

आंटींकडे गेलो, इराला घेऊन. काय विचारायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. रस्ता म्हणजे आठ फूट. आंटींनी न विचारताच ओट्यावर पुड्या मांडल्या. एकेक उघडून, वास देऊन. इरा फोन धरून लेबलं वाचत होती. ओळखीची नावं दोनच: खजूर आणि जिनसेंग नावाच्या मुळीची कुणी चुलत बहीण. लाल फळांच्या पुडीवर फोनने भाषांतर दिलं: पाच चवींचं फळ.

"धिस वन फॉर लिव्हर," आंटी म्हणाल्या. "यू से लिव्हर नो गुड. आय गो मेडिसिन हॉल, अंकल से धिस वन बेस्ट. आय पुट डबल."

म्हणजे लिफ्टमध्ये मी लिव्हर म्हणालो, आणि आंटी तडक औषधाच्या दुकानात गेल्या.

"आंटी, डॉक्टर आस्क्ड, एनी मेडिसिन. वी सेड नो."
"करेक्ट, वॉट. नॉट मेडिसिन लाह. मेडिसिन इज बिटर. धिस वन सूप."

मीही तेच सांगितलं होतं, फक्त नोव्हेनामध्ये, फी भरून.

इराने पुड्यांचे फोटो डॉक्टरांच्या नर्सला पाठवले. दुपारी डॉक्टरांचा फोन. लाल फळ संशयित आहे. ते यकृताचं ते दार अडवू शकतं आणि गोळी रक्तात साचू शकते. पण आकडे फळाच्या आधीपासून किंचित वर होते, तेव्हा गोळीचाही स्वतःचा दोष असू शकतो. बाकीच्या मुळ्यांचं त्यांना सांगता येत नाही. "मिस्टर मिलिंद, ह्या बरणीवर कोणी अभ्यास केलेला नाही."

सूप बंद. गोळी कालपासून बंद आहेच.

आंटींना सांगायला मीच गेलो. डॉक्टर, गोळी, दार, जाम, सगळं हातवाऱ्यांनी. आंटींनी शेवटपर्यंत ऐकलं. "ओके," म्हणाल्या आणि गेट लावलं. आवाज न करता.

१५ मार्च, शनिवार

माझं पोट जहाजांच्या विम्याच्या क्लेम्सवर चालतं. जहाजातला तांदूळ भिजला, तर तो समुद्राच्या पाण्याने भिजला की धक्क्यावरच्या पावसाने, हे ठरवायचं. समुद्र निघाला तर एकजण पैसे देतो, पाऊस निघाला तर दुसरा. वीस वर्षं हेच. पोत्यातल्या मिठाची चव घेऊन सांगू शकतो.

इथे दोन्ही नळ एका दिवसाच्या अंतराने बंद केले. आता आकडे उतरले तरी कोणाचा दोष ते कळणार नाही. कुठल्याही सर्व्हेयरला मी ह्यासाठी घरी पाठवला असता. पण डॉक्टरांना इलाज नव्हता. यकृत आधी वाचवायचं, निवाडा नंतर.

निवाडा काय व्हावा, हे मात्र मला पक्कं कळतंय. सूप दोषी निघालं, तर गोळी सुटली. मग वसुधा पुन्हा गोळी घेणार, गाठ पुन्हा लहान होणार. गोळी दोषी निघाली तर ती संपली, पुढे सलाइनवाली औषधं, उलट्या, केस. आणि त्यांचा ह्या गाठीवर गोळीइतका भरवसा नाही, हे डॉक्टरांनी अगदी हळू सांगितलंय.

म्हणजे माझी सगळी मदार आता एका म्हातारीच्या गुन्ह्यावर. तिनेच केलेलं असू दे. मनापासून म्हणतोय. आणि कॉरिडॉरमध्ये भेटल्या की गुड मॉर्निंग आंटी.

१८ मार्च, मंगळवार

बरणी आमच्याकडेच राहिली. ११ तारखेला धुऊन ओट्यावर पालथी घातली, ती तशीच. भरून दिली तर नियमाप्रमाणे सूप परत येईल. रिकामी दिली तर तोंडावर दार लावल्यासारखं. मी ती हलवतो, खालचं पुसतो, परत ठेवतो.

वसुधा चिडली आहे. आंटींवर नाही, माझ्यावर.
"तुला कोणी विचारलं होतं लिफ्टमध्ये?"
"त्यांनीच."
"मग ठीक आहे म्हणायचं होतं. ट्रॅफिक सांगायचं होतं."
थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून: "ती एकटीच बाई आहे जी मला आज कसं वाटतंय विचारत नाही. तू ऑफिसात असताना तिच्याकडे गेलं की बरणी देते, बस म्हणते, टीव्ही लावते. त्यांच्या सिरियलमधलं मला ओ की ठो कळत नाही. सूप प्यायचं आणि कोण कोणाला मारतंय ते बघायचं."

मी तिला दिवसातून किती वेळा कसं वाटतंय विचारतो, ते मोजायचं धाडस केलं नाही.

प्रहसन अडकलं. वैद्याचं पात्र काही केल्या हसत नाही. मंडळाला कळवलं, ह्या वर्षी नको.

२५ मार्च, मंगळवार

आकडे उतरलेत. पूर्ण नाही, पण उतरलेत. खाज गेली. काल अर्धी पोळी खाल्ली, भांडून.

डॉक्टर: उद्यापासून गोळी परत, कमी मात्रेत. सूप नाही, काहीही नाही. तीन आठवड्यांनी रक्त. आकडे जागेवर राहिले तर गोळी चालू ठेवू. चढले तर...
तारीख त्यांनी कागदावर लिहून दिली.

दोन आठवडे गोळीशिवाय गेले. त्या दोन आठवड्यांत गाठीने काय केलं, ते स्कॅनलाच माहीत. स्कॅन मे महिन्यात.

३० मार्च, रविवार. पाडवा.

गुढी बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या बांबूला. तांब्या एकदा घसरला, खालच्या मजल्यावरच्या टॉवेलात अडकला म्हणून वाचला.

कडुनिंब लिटल इंडियातून आणलेला. कोवळी पानं, गूळ, ओवा, चिंच, वाटून तयार. इराने बोट लावायच्या आधी थांबून विचारलं, "बाबा, नीम अलाउड?"

मी वाटी घेऊन उभा. वर्षात एकदा, चिमूटभर, देवाच्या नावाने. हे अन्न की औषध? आंटींच्या व्याख्येने औषध, कारण कडू. आईच्या व्याख्येने प्रसाद. डॉक्टरांना पाडव्याच्या दिवशी रविवारी फोन लावून विचारायचं म्हणजे... वसुधाने वाटी माझ्या हातातून घेऊन फ्रिजमध्ये ठेवली. "आपण गूळच खाऊ." तिघांनी गूळ खाल्ला.

शुभाचा फोन, पाडव्याच्या शुभेच्छा. वसुधाने तिला सगळं सांगितलेलं दिसतंय.
"काय मिलिंद, चिनी पाला चालतो, आणि माझी गुळवेल शूटमध्ये?"
मी ऐकून घेतलं. तिचा हक्क होता. शेवटी म्हणाली, "तब्येतीचं कळवत राहा. मी काही पाठवत नाही आता." पाठवण्याव्यतिरिक्त ती तिथून दुसरं काय करणार आहे, हे मला आज सुचलं.

४ एप्रिल, शुक्रवार

खाली लिफ्टपाशी लिम आंटी. हातात पिशवी, संत्री, जळक्या उदबत्त्यांचा वास. चिंगमिंग. नवऱ्याच्या अस्थी ठेवल्यात तिथे जाऊन आलेल्या. आमच्या सर्वपित्रीसारखंच, फक्त कावळ्याचं काम नाही.

बाराव्या मजल्यापर्यंत दोघंच. तीन आठवड्यांत पहिल्यांदा इतक्या जवळ.
"सू हाउ?"
"गोळी परत चालू, आंटी. बघायचं." इंग्रजीत असं काहीतरी म्हणालो.
मग आंटी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाल्या, "माय हजबंड, आय कुक, ही डोन्ट ड्रिंक. पोअर इन द सिंक. थिंक आय डोन्ट नो." सातवा मजला गेला, आठवा गेला. "सू ड्रिंक. एव्हरी टाइम, ऑल."

बारावा आला. संत्र्यांतली दोन काढून दिली. "ऑरेंज कॅन?"
"विचारून सांगतो," मी म्हणालो.
माझ्या तोंडून हे गेलं. आंटींनी मान हलवली, जणू माणसं संत्र्याबद्दल असंच बोलतात.

विचारलं. संत्री चालतात. ग्रेपफ्रूट नाही.

८ एप्रिल, मंगळवार

वसुधाने मान खाजवली. एकदाच. मी पाहिलं, तिने मी पाहिल्याचं पाहिलं.
"डास," ती म्हणाली.
खिडकीतून बघितलं तर खाली धूर मारणारे आलेले. म्हणजे डास आहेत. डास आहेत ह्याचा इतका आनंद माणसाला कधी झाला नसेल.

१२ एप्रिल, शनिवार

दुपारी वसुधा उठली, ओट्यावरची बरणी घेतली, आणि चपला घालायला लागली.
"मी शिरा करतो, थांब."
"नको."
"रिकामी द्यायची?"
"हो."
"अगं, आईचा..."
"तुझी आई मला पहिल्या दिवाळीला म्हणाली होती, भांड्यात काही नसेल तर स्वतः घेऊन जावं. बसावं जरा. ते तू कधी लक्षात ठेवलंस?"
खरं असेल. आईला दोन नियम होते, आणि सोपा होता तो मी उचलला. किंवा वसुधाने आत्ता बनवलं असेल. ती माझ्यापेक्षा चांगली लिहिते, फक्त कागदावर नाही.

तास दीड तास आली नाही. भिंतीपलीकडून मारामारीचे आवाज, मग संगीत, मग रडणं. सिरियल.
आल्यावर विचारलं, काय बोललात?
"काही नाही. त्या पांढऱ्या दाढीवाल्याला विष दिलं."
"आणि बरणी?"
"घेतली. उघडून बघितली, आत काही नाही. मग बाजूला ठेवली आणि मला बस म्हणाली."

१५ एप्रिल, मंगळवार

रक्त द्यायचा दिवस. नऊला निघायचं होतं. इरा कॉलेज बुडवून येते म्हणाली, तिला घालवली.

गेट उघडलं तर बाहेर लिम आंटी. हातात बरणी. वाफ. नाही म्हणायचं, प्रेमाने पण नाही म्हणायचं, हे वाक्य मी महिनाभर पाठ करत होतो आणि आता एक शब्द आठवेना.

"आंटी, सॉरी, डॉक्टर..."
"वॉटर," आंटी म्हणाल्या. झाकण उघडलं. "हॉट वॉटर ओन्ली. वॉटर कॅन, राइट?"

मी वाकून वास घेतला. त्यांच्यासमोर, अगदी नाक घालून. चिनीमातीचा आणि वाफेचा वास. तळाशी निळा मासा दिसत होता, म्हणजे पाणी स्वच्छ. आंटी शांत उभ्या होत्या. मागून वसुधा म्हणाली, "झालं तुझं?" आणि बरणी घेऊन तिथेच दारात उभ्या उभ्या प्यायली. सगळं नाही. अर्धं. उरलेलं आंटी प्यायल्या.

टॅक्सीत वसुधा: "गरम होतं. बरं वाटलं." मी कसं वाटतंय विचारलं नव्हतं. नोंद घ्यावी.

नर्सला पहिल्या फटक्यात शीर सापडली नाही. दुसऱ्यात सापडली. रिपोर्ट गुरुवारी, डॉक्टर स्वतः सांगतील.

१६ एप्रिल, बुधवार

ऑफिस. काकीनाड्याचा तांदूळ, भिजलेला. समुद्र की पाऊस. दोघांचे वकील दुपारभर भांडले. मी म्हटलं, चव घेऊन बघा. कोणी घेतली नाही.

घरी आलो तर वसुधा पातेल्याशी उभी, वरण ढवळत. तिने केलंय म्हणून जेवलो दोघं. तिने भात परत घेतला, चमचाभर. खाज नाही म्हणते. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. किंवा मी बघत होतो म्हणून सांगितलं.

बरणी परत आमच्याकडे. काल गडबडीत दारातच राहिली होती, आंटींच्या चपलांच्या मांडणीवर. आज सकाळी ऑफिसला जाताना मी आत आणली. कशाला आणली माहीत नाही. त्यांचीच होती, त्यांच्याच दारात होती.

"आता ही कशी द्यायची?" वसुधाने विचारलं.
"उद्या ठरवू. डॉक्टरांकडून आल्यावर."
"चांगलं निघालं तर?"
"पुरण घालतो."
"आणि नाही निघालं तर?"

धुतली, पुसली, ओट्यावर पालथी घातली. झाकण बाजूला.